पडद्यावरचा पदर : ऐतिहासिक चित्रपटातले कापड तुम्ही बघता का?

धोटा (शहापूर, बेळगाव)

गेल्या आठवड्यात घरी दूरचित्रवाणीवर ‘बाजीराव मस्तानी’ लागला होता आणि माझी वडगावची मावशी पंधराव्या मिनिटाला उठून आत गेली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “ह्यात कापडच दिसत न्हाई गं.” हीच मावशी डिसेंबर २०१५ मध्ये हाच चित्रपट आपल्या शहरातल्या चित्रगृहात बघताना जागची हलली नव्हती. मध्यंतरात चहासुद्धा नको म्हणाली. बाहेर पडल्यावर कथेबद्दल, लढायांबद्दल किंवा नटनट्यांबद्दल एक अक्षर न काढता खडेबाजार येईपर्यंत ती काठ, पदर आणि जर एवढ्याच गोष्टींविषयी बोलत राहिली.

मावशीचे आयुष्य मागावर गेले आहे. तिच्या सोप्यात खड्ड्याचा माग होता, पुढे त्या जागी यंत्रमाग आला आणि आता तोही बंद आहे. पण तिच्या बोटांना कापड ओळखण्याची जी सवय लागली, ती डोळ्यांतही उतरली आहे. चित्रपटात काशीबाई नऊवारी नेसून समोर आल्या की मावशी आधी काठाकडे बघते. तिचे म्हणणे असे की वरून शिवलेला काठ वळताना ताठ राहतो आणि जोडावर कुठेतरी चुणी धरतो, तर मूळ कापडाबरोबर विणलेला काठ अंगाबरोबर वळतो. त्यानंतर ती जरीकडे बघते. चांदीच्या तारेवर सोन्याचे पाणी दिलेली खरी जर दिव्याच्या उजेडात मंद आणि पिवळसर दिसते. प्लॅस्टिकची जर पांढरी लखलखते आणि डोळ्यांना टोचते. त्या दिवशी अंधारात ती मला कोपराने ढोसून दर दोन मिनिटांनी निकाल देत होती. “हे खरं.” “हे बाजारातलं.” “हे जुनं लुगडं फाडून लावलंय बघ.” पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले, आणि त्यांचा राग योग्यच होता.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडला तो पदराचा एक क्षण. पैठणीच्या पदरावरची नक्षी आडव्या रंगीत धाग्यांनीच, एकमेकांत अडकवून विणलेली असते, त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत आणि पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो. पडद्यावर एक पदर वाऱ्याने उलटला, त्याची मागची बाजू हातभर मोठी होऊन समोर आली, आणि मावशीने श्वास रोखला. पदर नीट निघाला. तिने सोडलेला सुस्कारा मला अजून आठवतो.

अंजू मोदी आणि मॅक्सिमा बसू या दोघींनी त्या चित्रपटाची वेशभूषा केली होती. त्यांनी इतिहास किती सांभाळला आणि किती सोडला, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले; तो वाद मला इथे पुन्हा उकरायचा नाही. मला विचारायचे आहे ते असे की आपल्या भागात, जिथे शहापूर-वडगावचे माग, इरकलची लुगडी, गुळेदगुड्डचे खण आणि धारवाडकडचे कसुतीचे भरतकाम हे सगळे एका दिवसाच्या प्रवासात येते, तिथले प्रेक्षक असा भरजरी चित्रपट मोठ्या पडद्यावर बघतात तेव्हा त्यांना नेमके काय दिसते?

मलप्रभाकाठ (खानापूर)

धोटाताई, आमच्याकडे कापडातला जाणकार कोणी नाही, तरी आपला प्रश्न पटला. आम्ही गावातले आठ जण जीप करून बेळगावला येतो आणि असा चित्रपट असला की घरातल्या बायका आधी तयार असतात. एरवी हाणामारीच्या चित्रपटाला “तुम्हीच जाऊन या” म्हणणारी माझी आई दरबाराचे दृश्य आहे असे ऐकले की पायात चपला घालूनच बसते.

एक तक्रार मात्र नोंदवतो. एका चित्रगृहात, ज्याचे नाव लिहीत नाही, प्रक्षेपणाचा दिवा इतका मंद केलेला होता की रात्रीच्या दृश्यांत चंद्रकळा, काळा अंगरखा आणि मागची भिंत यांतला फरक कळेना. वस्त्रांवर एवढा खर्च करायचा आणि शेवटच्या टप्प्यावर दिव्याचे पैसे वाचवायचे, हे म्हणजे पैठणी नेसून गोणपाट पांघरण्यासारखे झाले. मध्यंतरात जाऊन सांगितले, तर “बाकी कोणाची तक्रार नाही” असे उत्तर मिळाले.

निपाणीकर वाचक

आम्ही निपाणीचे लोक चित्रपटासाठी जितके बेळगावला जातो तितकेच कोल्हापूरला जातो, म्हणून कोल्हापूरच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली प्रदर्शित झाला. त्याच्या पोशाखांसाठी दिल्लीहून शिंपी आणि सुरत-खंबायतकडून भरतकामाचे कारागीर आणले होते, दागिने हैदराबादच्या सोनारांनी घडवले, पादत्राणे आग्र्याहून मागवली आणि मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी केले. आमच्या वडिलांना हे ठाऊक होते. चित्रपटाची रंगीत आवृत्ती २००४ मध्ये आली तेव्हा आम्ही ती बघायला गेलो, आणि अकबर सिंहासनावर बसला की वडील हळूच म्हणत, “आपलं काम.” मुकुटाशी आमच्या घराण्याचा काडीचा संबंध नाही. पण कोल्हापूर म्हणजे आपलेच, असे निपाणीत कोणीही म्हणेल.

दुसरी गोष्ट भानू अथय्या यांची. त्यांचा जन्म १९२९ सालचा, कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातला. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या, हे सर्वांना माहीत असते. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती ‘आम्रपाली’ या बुद्धकाळावरच्या चित्रपटाच्या वेळची गोष्ट. त्या काळातले शिवलेले कपडे बघायला मिळणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली वस्त्रे अभ्यासली आणि त्यांवरून पोशाख बेतले. पेशवाईबाबत ती अडचण नाही. लघुचित्रे आहेत, दफ्तरातल्या खरेदीच्या नोंदी आहेत, जुन्या घरांतून लुगडीसुद्धा सापडतात. तरीही अनेक चित्रपटांत तीच ती चकचकीत रेशमे दिसतात, याचे मला नवल वाटते.

रंगारी

निपाणीकरांनी रेशमाचा विषय काढलाच आहे, तर मी रंगांबद्दल लिहितो. घरी पिढीजात रंगकाम होते, म्हणून प्रतिसाद लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

अठराव्या शतकातला कोणताही प्रसंग पडद्यावर आला की मी मनातल्या मनात प्रत्येक वस्त्र रंगाच्या कढईत बुडवून बघतो. निळीपासून निळा, हळदीपासून आणि डाळिंबाच्या सालीपासून पिवळा, मंजिष्ठा, आल किंवा लाख यांपासून तांबडा, करडईच्या फुलांपासून कुसुंबी आणि लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात मुरवून काळा, एवढ्या सामग्रीवर सगळा संसार होता. हिरव्यासाठी कापड आधी निळीत आणि मग पिवळ्यात, असे दोनदा बुडवावे लागे, त्यामुळे गर्द आणि एकसारखा हिरवा हे कौशल्याचे काम होते. पर्किन नावाच्या इंग्रज तरुणाने डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग केला तो १८५६ साली, म्हणजे पेशवाई बुडून जवळजवळ चार दशके लोटल्यावर. आज चित्रपटांत दासीपासून राणीपर्यंत सगळ्यांच्या अंगावर जो भडक राणी रंग आणि विजेसारखा जांभळा दिसतो, तो त्या कारखान्यातून निघालेला आहे.

मात्र इथे घाई करून ‘चूक, चूक’ असे ओरडणेही बरोबर नाही. जांभळा त्या काळी अशक्य नव्हता. निळीवर लाखेचा हात दिला की तो मिळतो, आणि करडईतून निघणारा गुलाबी तर आजच्या गुलाबीलाही लाजवील इतका झगझगीत असतो. फरक असा की तो गुलाबी उन्हाने आणि धुण्याने फार लवकर उतरतो. म्हणून एखाद्या चित्रपटात मला श्रीमंत बाईच्या अंगावर ताजा कुसुंबी आणि तिच्या दासीच्या अंगावर तोच रंग विटून फिकट झालेला दिसला, तर मी वेशभूषाकाराला साष्टांग नमस्कार घालीन. अद्याप तसे कुठे पाहिलेले नाही. गरिबांचे कपडे जुने दाखवायचे असले की त्यांना सरसकट चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा मातकट रंग देतात, जणू गरीब माणसाने कधी हौसेने काही रंगवून घेतलेच नाही.

धोटाताई, मावशींना एक विचारून सांगाल का? पडद्यावर त्यांना हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक कळतो का? माझे म्हणणे, ते अशक्य आहे.

आजीची नऊवारी (टिळकवाडी)

सगळे फार गोडगोड चालले आहे, म्हणून मी थोडा मिठाचा खडा टाकते. ‘पिंगा’ या गाण्यावर तेव्हा पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी आक्षेप घेतला, तो मुख्यतः काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का याबद्दल होता. माझा आक्षेप त्याहून साधा आणि बायकी आहे. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. तो खेळायचा तर ओचा वर खोचून, कासोटा घट्ट मारून, घाम निथळेपर्यंत घुमायचे असते. नऊ वारांचे ते लुगडे मुळात कामासाठी आणि खेळासाठीच तसे नेसले जाते. दोन्ही पाय मोकळे राहतात आणि मांडी घालून बसता येते. चित्रपटात ते कमरेखाली उतरवून आणि चापूनचोपून असे नेसवले होते की त्या नाचतात कशा याचेच कौतुक वाटावे. माझी आजी अनगोळच्या शेतात त्याच नेसण्यात गुडघाभर चिखलातून चालत असे.

चोळीचेही तेच. आपल्याकडचा खण त्रिकोणी घडीचा असतो आणि त्याची चोळी पुढे गाठ मारून बांधायची असते. मागे दोऱ्या असलेली उघड्या पाठीची चोळी पेशव्यांच्या वाड्यात आली कुठून? तरीही खरे सांगते, तो चित्रपट मी चित्रगृहात तीनदा पाहिला. घरी येऊन तिन्ही वेळा रागावले, आणि चौथ्यांदा जायला सोबत मिळाली नाही म्हणून राहिले.

धोटा

आजीची नऊवारी, आपला शेवटचा कबुलीजबाब मला फार आवडला, कारण मीही त्याच पंथातली आहे. नेसण्याबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. मावशी मात्र त्यावर म्हणाली, “नाच बघायला कोण गेलंतं? मी काठ बघूलोते.” रंगारीकाका, आपला प्रश्न तिला विचारला आहे. ती विचार करते आहे, म्हणजे दोन दिवस लागतील.

चित्ररथवाला

माझी बाजू या सगळ्यांपेक्षा खालच्या पायरीवरची आहे, तरी लिहितो. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक सर्वांना ठाऊक आहेच. वैशाखात संध्याकाळी सुरू होते आणि दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. आमच्या गल्लीच्या सजीव देखाव्यात मी सलग नऊ वर्षे उभा राहिलो. दोनदा मावळा, चारदा निरनिराळे सरदार, एकदा औरंगजेब (त्या वर्षी घरचे आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत) आणि दोनदा नुसता भालदार.

कपडे भाड्याचे. सॅटिनचा अंगरखा, त्यावर चिकटवलेल्या टिकल्या, पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावून केलेले चिलखत आणि गमने चिकटवलेली मिशी. मे महिन्याच्या उकाड्यात चार तास ट्रॉलीवर स्तब्ध उभे राहिल्यावर सॅटिन अंगाला कसे चिकटते, ते मी सांगण्याची गरज नाही. त्यामुळे चित्रपटात घोड्यावरून दौडत येणारा वीर बघितला की माझ्या मनात पहिला विचार येतो तो असा की याच्या अंगरख्यात हवा खेळते आहे की नाही. सुती बाराबंदी घातलेला माणूस खांद्यांतून मोकळा हलतो. सॅटिन घातलेला कोपरे अंगापासून दूर धरतो. हे पडद्यावर स्पष्ट दिसते, फक्त एकदा स्वतः घालून बघितलेले असावे लागते.

‘तान्हाजी’ला वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला यांना. तो चित्रपट जानेवारी २०२० मध्ये आम्ही गल्लीतल्या सगळ्या माजी मावळ्यांनी एकत्र बघितला. आमच्या रांगेत युद्धावर जितकी चर्चा झाली नसेल तितकी कमरेचा शेला किती वेढ्यांचा आहे यावर झाली, कारण मिरवणुकीत आमचा शेला हमखास कॉलेज रोडपर्यंत सुटायचा. त्यानंतर मिरवणूक निघाली तेव्हा आम्ही भाड्याचे सॅटिन बंद करून वडगावहून साधे जाडे सुती कापड आणले आणि गल्लीतल्याच शिंप्याकडून बाराबंद्या शिवून घेतल्या. खर्च थोडा जास्त झाला, पण त्या आजही वापरात आहेत. देखावा बघणाऱ्या एका आजोबांनी मात्र विचारले, “यंदा पैसे कमी पडले काय रे?”

बैलहोंगलचा बसवा

माझी घरची भाषा कन्नड आहे, शाळा मराठी होती, म्हणून दोन्हीकडचे चित्रपट बघतो. आमच्या भागात वस्त्रांचा विषय निघाला आणि ‘कित्तूर चन्नम्मा’चे नाव आले नाही, तर मला घरी जेवायला मिळणार नाही. १९६१ सालचा तो चित्रपट बी. आर. पंतुलू यांनी केला आणि राणीच्या भूमिकेत बी. सरोजादेवी होत्या. राणीची समाधी आमच्या गावात, माहेर काकतीला आणि कित्तूरचा किल्ला तासाभराच्या अंतरावर, म्हणजे चित्रपट आमच्या अंगणातलाच. कृष्णधवल असल्यामुळे त्यात रंग नाहीत, पण रंगारीकाकांना ऐकून वाईट वाटेल, मला त्याची उणीव कधी भासली नाही. रंग नसले की डोळा आपोआप विणीकडे, घडीकडे आणि काठाच्या रुंदीकडे जातो.

एक इच्छा आहे. कित्तूरवर पुन्हा मोठा चित्रपट झाला, तर त्यात बनारसी शालू नकोत. इरकल असावे. त्याचे अंग सुती आणि पदर तांबड्या रेशमाचा असतो. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे फासे टाकून एकमेकांत गुंतवतात, त्यालाच टोपी-तेनी म्हणतात. पदरावर पांढऱ्या रेशमाने फणीचे दात, किल्ल्याचे बुरूज, जोंधळ्याचे कणीस असे आकार येतात. किल्ल्यासाठी लढणाऱ्या राणीच्या पदरावर बुरूज विणलेले आहेत, हे दाखवायला एकही संवाद लागणार नाही. वर कसुतीचे गोपूर आणि रथ भरले की झाले. कसुतीत धाग्याला गाठ मारत नाहीत आणि उलटी-सुलटी बाजू सारखीच दिसते, तेव्हा धोटाताईंच्या मावशींना वाऱ्याने पदर उलटण्याची वाट बघत तिथेही बसता येईल.

गुर्लहोसूर

चर्चा चित्रपटांची आहे, पण पडद्याआधी आपल्या भागात रंगभूमी होती, एवढीच आठवण करून देतो. ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीतून पुढे आलेले बालगंधर्व रंगमंचावर खरे भारी शालू नेसत, अस्सल अत्तर वापरत आणि त्यापायी कर्जबाजारीही झाले. त्यांच्या जीवनावरच्या २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरुषाने नेसलेले लुगडे बाईइतके सहज दिसले पाहिजे आणि तरीही तो पुरुष आहे हे प्रेक्षकाला विसरता येऊ नये, असे ते दुहेरी काम होते. माझ्या मते त्या चित्रपटात वस्त्रे हीच नायिका आहे.

धोटा

दोन दिवस म्हटले होते, मावशीने चार घेतले. रंगारीकाका, तिचे उत्तर असे. उभ्या राहिलेल्या बाईच्या अंगावरचे लुगडे हातमागाचे की यंत्रमागाचे, हे पडद्यावर सांगता येत नाही, तिथे आपण जिंकलात. मात्र बाई खाली बसली आणि निऱ्या जमिनीवर पसरल्या की सांगता येते. हातमागाच्या विणीत ठोका प्रत्येक वेळी अगदी सारखा बसत नाही, त्यामुळे कापड मऊ पडते आणि निरी स्वतःच्या वजनाने गोल वळून बसते. यंत्रमागाचे कापड पुस्तकाच्या पानासारखे कडेवर उभे राहते. यावर तिने घरातली दोन लुगडी आणून मला जमिनीवर बसवून दाखवली. मला फरक दिसला, असे मी म्हणाले. खरोखर दिसला की तिच्या धाकाने दिसला, हे आपण इथे येऊन ठरवावे.

बसवाण्णा, आपले टोपी-तेनीचे वर्णन तिला वाचून दाखवले. “बुरूज विणणाऱ्या दोघीजणी मला ठाऊक हायत,” एवढेच बोलून ती गप्प बसली, पण संध्याकाळी तिने स्वतःहून विचारले की तो कित्तूरचा नवा चित्रपट कधी लागणार आहे. असा चित्रपट अजून कोणी काढलेलाच नाही, हे तिला सांगण्याचे धाडस मला झालेले नाही.

मलप्रभाकाठ यांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे की पुढच्या ऐतिहासिक चित्रपटाला आपण सगळ्यांनी मिळून जायचे का. मावशी यायला तयार आहे. तिच्या अटी दोन. जागा मधल्या रांगेत आणि बरोबर मध्यभागी हवी, कारण कडेने बघितले की जर मंद दिसते. आणि दिवा मंद असलेल्या त्या चित्रगृहात जायचे नाही. त्याचे नाव मलप्रभाकाठ यांनी मला निरोपातून कळवावे.